पंख्याला हात लावण्यापूर्वी

चि. धाकट्या बंधूस थोरल्याचे आशीर्वाद.

तू व सौ. भावजय सुखरूप असाल, असे गृहीत धरतो. नसता, तर कोणीतरी कळवले असतेच. माझी प्रकृती गुडघे वगळता बरी आहे. आपल्यात चौदा वर्षे पत्रव्यवहार नाही, तेव्हा मजकूर लांबला तर तो साचलेला आहे असे समजावे. (पत्र हातानेच लिहिले आहे. जावई ते फोनवर टंकून देणार होता; परंतु त्याला ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील फरक ही माझी वैयक्तिक आवड वाटते.)

आपण दोघांनी ऐन विशीत लष्कराच्या लिलावातून पहिली जीप ढकलत घरी आणली, तेव्हा आई एवढेच म्हणाली होती, की पुढच्या वेळी चालणारी आणा. पुढे मालट्रक आला, चिलखती गाडी आली आणि ते दोन आसनांचे शिकाऊ विमान आले. विमान मागच्या अंगणातील पत्र्याच्या छपराखाली मावावे म्हणून त्याचे पंख काढून बैठकीत सोफ्यामागे उभे केले होते, हे तुला आठवत असेल. तुझ्या वहिनीने ते तीस वर्षे न कुरकुरता पुसले. तिने तक्रार केली ती एकदाच, आणि तीही पाहुण्यांना मागे रेलता येत नाही म्हणून. ती गेल्यावर पाहुणेही येईनासे झाले. पंखांना आता भरपूर जागा आहे.

या महिनाअखेरीस मी हे घर सोडून मुलीकडे राहावयास जात आहे. तिची सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे. बाबा, सोबत काय काय आणणार, असे तिने विचारले. मी यादी दिली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि मला पुठ्ठ्याचे एक खोके आणून दिले.

मालट्रक चित्रपटवाल्यांनी नेला. चिलखती गाडी एका शाळेच्या फाटकाशी उभी असून तिच्या तोफेच्या नळीत चिमण्या संसार करतात. जीप कोणालाच नको आहे. विमानाला मात्र दोन स्थळे आली. पहिले एका हॉटेलमालकाचे. विमान गच्चीवर चढवून, गुलाबी रंगवून, त्यात मुलांचे वाढदिवस साजरे करावयाचे, अशी त्याची योजना आहे. (इंजिन काढून तेथे आइस्क्रीमचे शीतपात्र बसणार आहे. हे तो मला खूश करण्यासाठी सांगत होता.) दुसरे स्थळ वस्तुसंग्रहालयाचे. तेथील संग्रहपाल मितभाषी गृहस्थ आहेत. त्यांची अट एकच: इंजिन त्यांच्यासमोर एकदा रीतसर सुरू करून दाखवावे, म्हणजे ते विमान चालत्या वस्तूंच्या दालनात ठेवतील.

रीतसर म्हणजे काय, हे जगात दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यांपैकी एक रुसून बसलेला आहे. म्हणून गेल्या रविवारी विमान छपराबाहेर ओढून मी जावयाला त्यात बसवले. त्याला बजावले, की मी समोरच्या पंख्याशी उभा राहून ‘बंद?’ असे विचारीन. तू कळ बंद असल्याची खात्री करून ‘बंद’ असे उत्तर द्यावेस. त्यानंतरच मी पंख्याला हात लावीन आणि इंजिनात पेट्रोल खेचण्यापुरता तो फिरवीन; कळ चालू करावयाची ती त्यानंतर. मी विचारले. आतून उत्तर आले, ‘बंद आहे बहुतेक.’

चाळीस वर्षांत या प्रश्नाला ‘बहुतेक’ हे उत्तर मी ऐकलेले नव्हते. तेथेच थांबावयास हवे होते. परंतु संग्रहपाल घड्याळ पाहत होते. घरातील दिव्याची कळ खाली केली की दिवा लागतो. विमानाची वर केली की इंजिन लागते. जावयाने घरच्या हिशेबाने ती बंद, म्हणजे वर, करून ठेवली होती. मी पंखा ओढला मात्र, इंजिन पहिल्याच झटक्यात धडाडले (असे ते तुझ्या हयातीत, म्हणजे आपल्या संबंधांच्या हयातीत, कधीही लागले नाही) आणि मी कुंडीत बसलो.

चाकांखाली दोन लाकडी ठोकळे असावयास हवेत. एक होता. दुसरा मुलीने येथल्या स्वयंपाकघराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून नेलेला होता. परिणामी विमान एका चाकावर अडून गोल फिरू लागले. शेपटीने प्रथम कुंड्या, मग दोरीवरच्या चादरी आणि मग ती दोरी बांधलेला खांब घेतला. जावई प्रत्येक फेरीत माझ्यासमोरून जाताना ‘बाबा, काय करू?’ असे विचारी. मी उत्तर देईपर्यंत तो न्हाणीघरामागे गेलेला असे. संग्रहपाल पाण्याच्या टाकीवर चढले होते. सातव्या फेरीला पेट्रोल संपले.

टाकीवरून खाली उतरल्यावर संग्रहपालांनी पँट झटकली. इंजिनाविषयी शंका नाही, असे ते म्हणाले. दुसरा माणूस जाणकार असेल, तर येत्या रविवारी पुन्हा येतो. सोमवारी हॉटेलवाल्याची क्रेन येणार आहे. मुलीने त्याला शब्द दिलेला आहे, आणि जावई आता विमानाकडे पाठ करून जेवतो.

हे सर्व केवळ माहितीसाठी कळवले. माझी कोणाकडूनही अपेक्षा नाही. ती ठेवण्याची सवय तुझ्यामुळेच सुटली. तू जीप चकचकीत हिरव्या रंगाने रंगवलीस, मी तिला चारचौघांत भाजीची गाडी म्हणालो, आणि तेवढ्यावरून सख्खा भाऊ चौदा वर्षे फिरकला नाही. लष्करी गाडी चकाकत नसते, हे माझे मत कायम होते.

लोभ असावा, असे लिहिण्याची प्रथा आहे. तो किती उरला आहे हे मला ठाऊक नसल्याने ते लिहीत नाही.

तुझा,
थोरला

ता. क. वर ‘कायम होते’ असे भूतकाळी लिहिले आहे, ते नजरचुकीने नव्हे. गेल्या महिन्यात जीपचे दार मूळ पत्र्यापर्यंत खरवडले. सर्वांत खालचा, कारखान्यातला थर चकचकीत निघाला. मी तो दोनदा पुसून पाहिला.

पुन्हा ता. क. संग्रहपाल रविवारी सकाळी नऊ वाजता येतील. तू साडेआठला यावेस. ठोकळे दोन्ही जागेवर आहेत. मी स्वयंपाकघराचे दार खिळा ठोकून बंद केले आहे. तू मागच्या आसनावर बसावेस. मी ‘बंद?’ असे विचारीन, तू ‘बंद’ असे म्हणशील, आणि मी पंख्याला हात लावीन. त्या सकाळी आपण दुसरे काही बोललो नाही, तरी चालेल.