पान नऊवर राहिलेली बातमी

१८ नोव्हेंबर २०२०, बुधवार

आज पुन्हा तेच. पहिल्या पानावरची दोन वाक्यं होतात न होतात तोच मागच्या रांगेतली प्रसन्ना — "वल्सेट्टा, काही कळत नाही. तोंडात केळं धरून वाचताय का?" सगळी शेड हसली. मीही हसल्यासारखं केलं. मास्कच्या आत डोळ्यांखेरीज काय दिसतं म्हणा!

एकवीस वर्षं मी या विडीच्या शेडमध्ये पेपर वाचतोय. पानं आणि तंबाखू उडते म्हणून इथे पंखा लावत नाहीत, माइक तर कधी नव्हताच. तरी माझा आवाज मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा. याचा मला गर्व आहे. दुसऱ्या कुणापुढे म्हणणार नाही, इथे लिहायला हरकत नाही.

मी वाचायचं, बाकीच्यांनी वळत वळत ऐकायचं, आणि माझ्या वाटच्या विड्या सगळ्यांनी थोड्याथोड्या वळून द्यायच्या, ही आमच्या कण्णूरकडची जुनी रीत. पुष्कळ ठिकाणी आता रेडिओ आला. आमच्याकडे रेडिओ आहे, पण दहा ते अकरा तो बंद. तो तास माझा. कौसूएच्ची पहिल्या रांगेत, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर बसते, कारण तिला कमी ऐकू येतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, म्हणून एच्ची, थोरली बहीण; पण माझ्या सुपात सगळ्यात जास्त विड्या तिच्याच पडतात. बाकीच्यांचा मी एट्टा, म्हणजे दादा; तिचा नुसता वल्सा. आज वाचून झाल्यावर म्हणाली, "आधी तुझे ओठ तरी दिसायचे रे वल्सा."

१९ नोव्हेंबर

आवाज वर चढवून वाचलं. घसा बसला. तरी मागे पोचलं नाही. अग्रलेख निम्मा झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "राहू द्या, रेडिओ लावा." कोण ते मी बघितलं नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

आज मजा आली! पेपरची गाडी निवडणुकीच्या मिरवणुकीत अडकली, त्यामुळे पेपर दहाला पाच कमी असताना हातात पडला. एरवी मी सकाळी चहाच्या टपरीवर आधी सगळा वाचून घेतो. न वाचलेली बातमी लोकांपुढे वाचायची नाही, हा माझा नेम. आज तो मोडला.

पहिल्याच पानावर खाली — मास्क लावल्याने संसर्ग टळतो का? परदेशातल्या अभ्यासात प्रश्नचिन्ह. हजारो माणसं घेतली, निम्म्यांना मास्क दिले, निम्म्यांना नाही. महिन्याभरानं पाहिलं तर दोन्हीकडे लागण जवळपास सारखीच. जो थोडा फरक पडला तो मास्कमुळेच पडला असं म्हणता येत नाही.

मी थांबलो. सगळ्यांकडे बघितलं. इथे प्रत्येकाला ठाऊक आहे की बातमी मी नुसती वाचत नाही, तिची साल काढतो. तीन गोष्टी विचारतो — कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, आणि काय सांगत नाही. एप्रिलमध्ये गरम पाण्याच्या गुळण्यांनी विषाणू मरतो म्हणून फोनवर फिरत होतं, ते मीच फाडलं. मार्चमध्ये जे पेपर सांगत होते की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, तेच मे महिन्यात दंडाचे आकडे छापायला लागले. मी दोन्ही कात्रणं एकापुढे एक वाचून दाखवली होती. तेव्हा काय हसले होते सगळे.

मी म्हणालो, "हे कुणाच्या फोनवर आलेलं नाही. डॉक्टरांनी माणसं मोजून केलेलं काम आहे. आणि आपण काय करतोय? पंचायतीनं सांगितलं म्हणून तोंड बांधून बसलोय." एवढं बोलून मी मास्क एका कानावरून सोडला. तो दुसऱ्या कानाला लोंबत राहिला. तसाच पुढची बातमी वाचायला लागलो, आणि आवाज भिंतीपर्यंत गेला. माझ्या माझ्याच कानाला किती बरं वाटलं!

सगळ्यांनी पानं कापायच्या कात्र्या सुपांवर वाजवल्या. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, हात मोकळे नसतात. पवित्रन, आमचा देखरेख करणारा, दारातून म्हणाला, "वल्सेट्टा, नियम आहे." मी म्हणालो, "नियम आहे, पुरावा कुठाय?" पुन्हा कात्र्या वाजल्या. चहाची घंटा झाली तोवर निम्म्या शेडचे मास्क हनुवटीखाली आले होते.

ती बातमी पहिल्या पानावर संपत नव्हती. खाली लिहिलं होतं, उर्वरित पान नऊवर. घंटा झाली आणि ते राहिलं.

तोच दिवस, संध्याकाळ

पान नऊ वाचलं. वाचायला नको होतं असं आधी मनात आलं — मग त्या विचाराचीच लाज वाटली.

अभ्यास फक्त मास्क लावणाऱ्याला फायदा होतो का, एवढाच होता. लावणाऱ्याच्या तोंडातून उडणारं दुसऱ्यापर्यंत पोचायचं थांबतं का, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ज्यांना मास्क दिले त्यातल्या कितीतरी जणांनी ते नीट लावलेही नव्हते. आणि शेवटी त्याच डॉक्टरांचं म्हणणं — यावरून कुणी मास्क सोडू नये.

म्हणजे मी जे सांगितलं ते त्या बातमीत नाही. उद्या दहा वाजता पहिल्यांदा पान नऊ वाचायचं. ठरलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

वाचलं नाही.

पेपर घेऊन बसलो तर सगळे चेहरे उघडे. किती महिन्यांनी बघितले! प्रसन्नाचा पुढचा दात पडलाय हे आज कळलं. ती म्हणाली, "आज ऐकू येतंय हो. रेडिओ टाका विकून." आता यांना काय सांगू, की काल मी निम्मीच बातमी वाचली? म्हटलं, सोमवारी वाचू. सोमवारपर्यंत काय होतंय.

कौसूएच्चीनं मात्र मास्क पुन्हा चढवलाय. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काय एच्ची, कालची बातमी ऐकू आली नाही वाटतं?" सगळे हसले. तीही मान हलवून हसली आणि वळत राहिली.

२२ नोव्हेंबर

पान नऊ घडी करून गादीखाली ठेवलं होतं. बायकोला, रमणीला, झाडताना सापडलं. "हे कशाला?" म्हणाली. म्हटलं, राहू दे, काम आहे. काम काय आहे ते तिला सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

आजही नाही. उमेदवारांची यादी मोठी होती, वेळ उरला नाही असं म्हणता येईल. पण वेळ होता.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

घसा खवखवतोय. सुंठ-मिऱ्यांची कॉफी दोनदा घेतली. वाचताना चार-पाचदा खोकला आला, पण तंबाखूच्या धुळीत आमच्याकडे खोकत नाही कोण? कुणी मान वर करून बघितलंही नाही.

मनात शंका आली होती. आली होती ते इथे लिहून ठेवतो, नंतर आली नव्हती असं स्वतःला सांगू नये म्हणून.

२५ नोव्हेंबर

अंग कोमट. उद्या देशभर संप, त्याची बातमी मोठी — ती मी वाचायची नाही तर कुणी? उभा राहून वाचली. कौसूएच्ची माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होती. मधे एकदा मला खोकल्याची उबळ आली तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

अंग मोडून आलं होतं, शेडमध्ये गेलो नाही. दुपारी कांजी आणि तारल्यांचं कालवण. मी मुकाट्यानं जेवत होतो. रमणीनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. "अहो, कालवण खारट झालंय, आणि तुम्ही खाताय?" मला खारट लागलं नव्हतं. काहीच लागलं नव्हतं. सुंठेची पुडी उघडून नाकाशी धरली, तिचाही वास नाही.

२८ नोव्हेंबर

तपासणी झाली. मला आहे. रमणीला नाही. ती आता पडवीत झोपते आणि जेवण दाराशी ठेवून जाते.

३० नोव्हेंबर, सोमवार

पवित्रनचा फोन. शेड बंद केली. पहिल्या रांगेतल्या चौघींना निघालं. तिघी घरी आहेत. कौसूएच्चीला काल दम लागला, सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर आहे.

मग म्हणाला, "आरोग्य केंद्रातल्या बाईंनी विचारलंय. वाचताना तुमच्या तोंडाला मास्क होता ना?"

त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी विचारलं, कारण माझ्यासाठी एक पळवाट ठेवायची होती त्याला. आणि मी ती घेतली. म्हणालो, होता.

१ डिसेंबर

होता! हा शब्द दिवसभर तोंडातून जात नाही. पेपरवाल्यांनी असं केलं असतं तर मी आठवडाभर शेडमध्ये त्यांचे वाभाडे काढले असते.

३ डिसेंबर

ताप उतरला. मला नुसतं सर्दीएवढंच झालं, आणि कौसूएच्चीला हे. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "बोलता येत नाही हो तिला. कालपासून पालथी झोपवून ठेवलीय." आभारही मानले त्यानं, चौकशी केली म्हणून. फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

खरं काय ते लिहितो. मी मास्क त्या बातमीमुळे काढला नाही. मला तो काढायचाच होता. लोकांना माझा आवाज नकोसा झाला होता, रेडिओ लावा म्हणत होते, ते मला सोसवत नव्हतं. मला कारण हवं होतं आणि पेपरनं ते पहिल्या पानावर आणून दिलं. एकवीस वर्षं लोकांना बातमीवर संशय घ्यायला शिकवलं. आपल्याला सोयीची बातमी आली की दुप्पट संशय घ्यावा, हे मात्र मलाच कधी सुचलं नाही.

७ डिसेंबर, सोमवार

पुन्हा तपासणी झाली, आता मला नाही. सकाळी आरोग्य केंद्रातल्या बाईंना फोन केला. सांगितलं — मास्क नव्हता. वीस नोव्हेंबरपासून नव्हता. घसा दुखायला लागल्यावरही नव्हता.

त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंत तर मागच्या रांगेतल्यांनाही लगेच घरी बसवलं असतं." मागच्या रांगेत अजून दोघांना निघालंय, हे त्यांच्याकडूनच कळलं. बरं वाटेल म्हणून फोन केला होता, तसं काही झालं नाही.

१४ डिसेंबर

मतदान. शाळेसमोर रांगेत प्रसन्ना माझ्या पुढे, चुन्यानं आखलेल्या गोलात उभी. मी तिला तिथेच पान नऊ सांगितलं. वाटलं होतं तोंडाळ बाई आहे, फाडून खाईल. ती म्हणाली, "तुम्ही वाचलं म्हणजे आम्ही वाचलं, वल्सेट्टा. आम्ही काय पुन्हा उघडून बघतो?" मग तिचा नंबर आला.

२१ डिसेंबर, सोमवार

शेड उघडली. कौसूएच्चीची जागा रिकामी. ती वाचली, पण अजून दवाखान्यातच.

दहा वाजता मास्क लावून उभा राहिलो आणि एक महिन्यापूर्वीचं पान नऊ वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणालो, हे मी त्याच संध्याकाळी वाचलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नाही. मागे ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. तक्रार कुणीच केली नाही.

कात्र्यांचा आवाज नेहमीचा, पानं कापण्याचा. मग पवित्रननं रेडिओ लावला आणि मी माझं सूप घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसलो. इतक्या वर्षांत या तासाला विड्या वळायची बोटांना सवय राहिलेली नाही. माझ्या विड्या सैल होतात.

२७ डिसेंबर, रविवार

कौसूएच्ची परवा घरी आली. मी अंगणातच उभा राहून सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

ती दम घेत घेत म्हणाली, "ठाऊक आहे रे. त्याच संध्याकाळी वाचलं होतं मी. आमच्याकडेही पेपर येतो."

म्हटलं, मग माझ्यापुढे का बसत राहिलीस?

"मागे सरकले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, का सरकलीस. मग तुला चारचौघांत खोटं पाडावं लागलं असतं. म्हटलं, वल्सा आहे, आज ना उद्या स्वतःच वाचेल."

चार दिवस ती माझ्या गुडघ्याशी बसून त्याची वाट बघत होती.