‘जाते’ म्हणू नये

३ मार्च, परंडा

पोहोचलो एकदाचा. कुर्डुवाडीवरून एसटी, सोबत एक बॅग, एक लॅपटॉप आणि एक झाडू. झाडू कशाला, ते विचारू नये. सोलापूरचं घर रिकामं करताना तो हातात राहिला आणि मी त्याच्यासकट बसमध्ये चढलो. शेजारच्या आजोबांनी कौतुकानं विचारलं, नगरपरिषदेत लागलाव का? हो म्हटलं. बावन्नाव्या वर्षी नोकरी लागल्याचा आनंद त्यांना माझ्यापेक्षा जास्त झाला.

खोली लक्ष्मीबाईंच्या घरावर आहे. खाली त्या आणि त्यांची शेळी, पलीकडं पिठाची गिरणी. गिरणीच्या पट्ट्याला कुठंतरी जोड आहे, तो दर फेरीला फट् वाजतो. खोलीतला पंखा रमतगमत फिरतो आणि तिसऱ्या फेरीला खट् करतो. लक्ष्मीबाई म्हणाल्या, पंखा जुना हाय, पर इमानी हाय. माझ्याबद्दल असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

खिडकीतून किल्ला दिसतो. बुरुजावरची तोफ रोखलेलीच आहे. कैक वर्षांत कुणी चालून आलं नाही, तरी तिनं वाट बघणं सोडलेलं नाही. आमचं जमेल.

५ मार्च

वीस वर्षं वर्तमानपत्रात सदर लिहून लोकांची टर उडवली. सदर बंद झालं तेव्हा निषेधाची दोन पत्रं आली, त्यातलं एक मीच लिहिलेलं. आता काम असं: आण्णासाहेबांच्या शिक्षणसंस्थेचे साठ वर्षांचे फोटो आणि रजिस्टरं स्कॅन करून क्लाउडवर चढवायची. आण्णासाहेबांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, संस्थेचं नाव काढा. दोन्हीपैकी कुठल्या अर्थानं, ते मी विचारलं नाही. १९७१च्या फोटोत त्यांचे प्रतिस्पर्धी मधल्या खुर्चीवर बसलेत, तेवढा एक फोटो हुकला तर बरं, असंही सुचवलं.

संध्याकाळी खानावळीत एकटा जेवलो. वाढणाऱ्यानं विचारलं, अजून कुणी यायचंय का?

८ मार्च

आज एक नव्हे, आठ वर्षांचे फोटो हुकले. फोल्डरच उडवलं मी.

संस्थेचा संगणक विभाग पौर्णिमा एकटी सांभाळते. वय तिशीचं, जीभ माझ्याइतकीच तिखट. ती पोट धरून हसली. म्हणाली, सर, पुसलेलं लगेच मरत न्हाय. तीस दिवस कचरापेटीत पडून असतंय, कुणी बोलवायची वाट बघत. दोन बटणं दाबून तिनं आठ वर्षं परत आणली. मग प्रवचन दिलं: कुठलीही फाइल तीन ठिकाणी ठेवायची. क्लाउडवर, लॅपटॉपमध्ये आणि पेनड्राइव्हमध्ये. एका जागेची गेली की दुसरीवरून आपोआप परत येती. माझ्या लॅपटॉपलाही तिनं तशी सोय करून दिली. पेनड्राइव्ह काढूच नका म्हणाली.

खोलीवर येऊन माझी स्वतःची कचरापेटी उघडली. एकच फाइल. आवाज, चार सेकंद. ‘२३ दिवसांनी कायमची हटवली जाईल.’

९ मार्च

लिहून टाकतो.

शिवकन्या, माझी बायको. घराबाहेर पडताना ‘येते मी’ म्हणायची. आपल्यात सगळेच म्हणतात. जाते म्हणू नये, अशुभ. पण ही नुसतं म्हणून थांबायची नाही. मी ‘ये’ म्हणेपर्यंत उंबऱ्यावर उभी राहायची. यावर मी एक आख्खा लेख पाडला होता. लोक फार हसले. ती हसली नाही.

डिसेंबरमध्ये माहेरी, येरमाळ्याला निघाली. उंबऱ्यावरून म्हणाली, येते मी. मी लिहीत होतो. मान वर न करता म्हटलं, जातेस तर जाते म्हण की कधीतरी.

तासाभरानं बसमधून तिचा रेकॉर्ड केलेला निरोप फोनवर आला. दोनच शब्द. ‘जाते मी.’

बस येरमाळ्याला पोचली तेव्हा ती खिडकीला डोकं टेकून होती. कंडक्टरला वाटलं, डोळा लागलाय.

फोनवर बोलणं तिला आवडायचं नाही. तिचा आवाज माझ्याकडं एवढाच. तीन महिने ऐकला आणि एक मार्चला, बॅग भरताना, पुसला.

१० मार्च

कचरापेटीतलं ऐकता येत नाही. ऐकायचं तर परत आणावं लागतं.

आणलं. दुपारी, दार लावून.

‘येते मी.’

अकरा वेळा ऐकलं. येते. मागं बसच्या काचा खडखडताहेत, तिचा खालचा सूर तोच. मग थोडी शांतता, कुणीतरी उत्तराची वाट बघावी तशी.

माणूस स्वतःला सोयीचं ऐकतो, यावरही माझा एक लेख आहे. पण मला तो ‘जा’ तोंडपाठ आहे.

१३ मार्च

फाइल पुसली. माझ्या बाजूनं दिलेली साक्ष मला नको.

संध्याकाळी पुन्हा हजर. पेनड्राइव्हवरून आली असणार. पौर्णिमाची कृपा. हसलो, आणि ऐकली. ‘येते मी.’ मागं बस नाही. भोंग्यावरून कुणीतरी कुर्डुवाडी स्टँडवरच्या गाड्या पुकारतंय.

शिवकन्या आयुष्यात कुर्डुवाडीला गेलेली नाही.

१७ मार्च

दोनदा पुसली, दोनदा परत आली. दर वेळी मोजणी पुन्हा तीसपासून.

आता मागं परंड्याचा स्टँड आहे. इथला पुकारणारा ‘बार्शी’ म्हणताना शिंकल्यासारखं करतो. तोच.

म्हणजे पुसली की ती निघते. परत आली की जवळ आलेली असते.

१९ मार्च

पुन्हा पुसली, पुन्हा आली. या वेळी स्वतः न ऐकता पौर्णिमाला ऐकवली. काही सांगितलं नाही. तिनं कानाला लावून ऐकली आणि पहिल्यांदाच हळू बोलली. मॅडमचा आवाज गोड हाय. मग म्हणाली, घरीच केलंय न्हवं रेकॉर्डिंग? तुमच्या गल्लीतली गिरणी वाजती की मागं, फट् फट्.

मी मान डोलावली.

कायमचं पुसायचं कसं ते विचारलं. पेनड्राइव्ह काढायचा, लॅपटॉपमधली पुसायची, क्लाउडवरची पुसायची, मग कचरापेटी रिकामी करायची. त्यानंतर देव आला तरी परत आणू शकत न्हाय. जाताना तिनं विचारलं, पर मॅडमचा दुसरा आवाज हाय ना तुमच्याकडं?

भरपूर आहे म्हटलं.

२२ मार्च

पेनड्राइव्ह काढला. लॅपटॉपमधली पुसली. क्लाउडवरची पुसली. उरली कचरापेटी. ‘कायमची हटवा’ या बटणावर बोट अर्धा तास.

शेवटची एकदा ऐकू म्हटलं. ऐकायचं तर परत —

आणली. ‘येते मी.’ मागं शेळी ओरडली. आणि लक्ष्मीबाईंचा आवाज: कुणाकडं आलाव, बाई?

खाली गेलो. विचारलं, कुणी आलं होतं का? म्हणाल्या, व्हय की, काल दुपारी. चांगल्या घरची बाई. पायरीवर उभी ऱ्हायली. म्या म्हनलं, वर जावा, सर हायती. तर म्हनली, त्यांनी ‘ये’ म्हनल्याबिगर कशी जाऊ?

२४ मार्च

कामावर गेलो नाही. आण्णासाहेबांचा फोन आला, १९७१चं काय झालं विचारत होते. सगळे परत आलेत म्हटलं.

पुसलेली नाही. पुसली की जवळ — पण आता जवळ यायला उरलंय किती? दाराची फळी तेवढी.

२५ मार्च, दुपार

वीज गेलीय. गिरणी बंद. पंखा बंद. शेळीसुद्धा गप्प.

फाइल आपसूक वाजली. ‘येते मी.’ मागं पंखा. एक, दोन, खट्. एक, दोन, खट्. आणि कुणीतरी खोकलं.

खोकला माझा आहे.

२६ मार्च

वीज अजून आलेली नाही. बटण समोर आहे. दाबलं की संपलं. शिवकन्या कुठंच नाही, आवाजानंसुद्धा नाही. मग मी आणि खानावळवाला. अजून कुणी यायचंय का —

दारावर थाप नाही. ती मारायचीच नाही थाप. उभी राहायची फक्त. फटीतून पावलांची सावली —

डिसेंबरपासून उभी आहे. एवढ्याशा शब्दासाठी मी तिला —

दुपारी, बारा

म्हटलं.

कडी मी काढलेली नाही. मी उठलोच नाही, तरी —

रागावलेली नाही. पदरावर बसची धूळ. म्हणते, खिडकीजवळची जागा धरलीय तुमच्यासाठी, गाडी लागलीय —

झाडू बघून हसली. लेखाला नव्हती हसली.

विचारते, निघताना काय म्हणायचं असतं? मी ‘जातो’ म्हणायला तोंड उघडलं तर ओठांवर हात — गार —

लक्ष्मीबाई, पंखा चालू राहिलाय, वीज नसताना — तेवढा बंद —

येतो —