टाकीतलं उरलेलं पाणी

१५ ऑगस्ट १९७१, रविवार
मित्स्पे रामोन

दुपारच्या बसने सुखरूप पोहोचलो. बीरशेबानंतर रस्त्याला झाड दिसेना तेव्हा जरा धास्तावलो होतो, पण इथली हवा अश्दोदपेक्षा कोरडी आणि हलकी आहे. खोली तर माझ्या लायकीपेक्षा चांगली आहे. खिडकीबाहेर दोन इमारती, पुढे थोडे दगड, आणि मग जमीनच संपते. तिथून ती प्रचंड दरी सुरू होते. तळाशी चाललेली लॉरी मुंगीएवढी दिसते.

घर रोझबाई वाकरुळकरांचं. त्या मूळच्या भायखळ्याच्या. त्यांचे यजमान हनोकभाऊ गेल्या हिवाळ्यात दम्याने गेले. मुलगी झिवा पेताह तिक्वाच्या इस्पितळात नर्स आहे. उद्यापासून मी मातीच्या कारखान्यात गोणी शिवणार. खोलीचं भाडं नाही. त्याऐवजी हनोकभाऊंची माशांची टाकी सांभाळायची. अश्दोदला माझ्याकडे बरणीत गप्पी होते, तेवढ्यावरून आईने माझं नाव सुचवलं.

रोझबाईंनी भाकरी आणि सुक्या बोंबलासारखं काहीतरी केलं होतं. (बोंबील आपल्या यहुदी लोकांना चालत नाही, दुसरा कुठला तरी खवल्यांचा मासा होता.) परक्या घरी पहिल्या दिवशी दोनदा वाढून घेऊ नकोस, असं आईने बजावलं होतं. मी दोनदा घेतलं. अजून लाज वाटते आहे.

२० ऑगस्ट, शुक्रवार

टाकीबद्दल नीट लिहून ठेवतो. ती हनोकभाऊंनी स्वतः लोखंडी अँगल जोडून आणि काचा पुटीत बसवून केलेली आहे. मी आडवा झोपलो तर आत मावेन. त्यात टिनफॉइल जातीचे दहा मासे आहेत. वीतभर लांब, अंगाने पापलेटासारखे चपटे, चांदीच्या वर्खासारखे, परांना लाल कड. ते नेहमी थव्याने फिरतात. एक वळला की सगळे वळतात. एकट्याने ठेवला तर हा मासा घाबरून काचेवर डोकं आपटतो. उड्या मारतात म्हणून झाकणावर विटा ठेवलेल्या आहेत. उकळत्या पाण्यातून काढलेला कोबी आणि वाटाणे खातात. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जाण्यासाठी पाणी आधी बाल्कनीतल्या पिंपात ठेवावं लागतं.

सभागृहात प्रार्थनेचं मिन्यान, म्हणजे किमान दहा पुरुष, जमेना की हनोकभाऊ म्हणायचे, माझ्या घरी या, माझं मिन्यान पाण्यात कायम हजर आहे. हे मला खालच्या मजल्यावरच्या रूबेनअंकलनी सांगितलं. ते मूळचे पेणचे. रोज संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात, काय पोरा, यांचं आंबट-तिखट कधी? मग स्वतःच हसतात. मग बोलता बोलता स्वतःच्या आईवर येतात. पेणहून निघताना तिला म्हणाले होते, पुढच्या बोटीने नेतो. ती बोट आलीच नाही. इथवर आले की ते उठून जातात.

५ सप्टेंबर, रविवार

कारखान्यात त्स्वी नावाचा मुकादम आहे. त्याने सगळ्यांदेखत विचारलं की तुम्ही हिंदी लोक सणाला माशासमोर उभे राहून प्रार्थना करता हे खरं का? मासा ऐकतो की सॉस मागतो? सगळे हसले. मीही हसलो. माझं हिब्रू कच्चं, शाळा सातवीपर्यंत. उत्तर सुचेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली होती. घरी येऊन ते उत्तर शुद्ध करून लिहिलं आणि फाडलं.

रोझबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खरं आहे, त्यात लाजायचं काय? नव्याच्या सणाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, आपली पापं वाहत्या पाण्यात झटकायची असतात. मुंबईत समुद्र होता, कोकणात खाडी होती. इथे आहे काय, दगड? म्हणून हनोकने टाकी दिली. पाण्यात मासे असले की चालतं, कारण माशाचा डोळा मिटत नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

उद्या नव्याचा सण. रोझबाईंनी दोन-दोनदा बजावलं: सण झाला की पाणी सगळं काढायचं. मासे तेवढे टबात ठेवायचे, आणि पाणी बादल्यांनी नेऊन दरीत ओतायचं. थेंब ठेवायचा नाही. हनोकभाऊ तसंच करायचे. दरवर्षी त्यात एक-दोन मासे मरायचे, मग ते तेल अवीवहून नवे आणायचे.

मरणारच. सगळं पाणी एकदम बदललं की मोठ्या माशाला धक्का बसतो. एका वेळी तिसरा हिस्सा, हा नियम आहे. पण वडीलधाऱ्या बाईंना मी काय शिकवणार? हो म्हणालो.

२२ सप्टेंबर, बुधवार

नव्याचा रोजा आहे, पोटात अन्न नाही, त्यामुळे अक्षर हलतं आहे.

सोमवारी दुपारी सगळे जमले. रूबेनअंकल, समोरच्या योखेवेदबाई आणि त्यांचा नवरा, वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं. एकेकाने टाकीपुढे येऊन कपड्यांची टोकं झटकली. कोणी मोठ्याने काही बोललं नाही. रोझबाई सर्वांत जास्त वेळ उभ्या होत्या. मी शेवटी गेलो, आणि घाईने झटकलं. मासे एका रांगेत उभे राहून पाहत होते.

आज पाणी काढलं. तिसरा हिस्सा. चार बादल्या दरीच्या कडेला नेऊन ओतल्या आणि बाकीचं राहू दिलं. मासे मेले तर नवे कोण आणणार? मला तर तेल अवीवची ती दुकानंही ठाऊक नाहीत.

रोझबाईंनी विचारलं, सगळं काढलंस ना रे, एझ्रा? मी म्हणालो, सगळं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

२३ सप्टेंबर, गुरुवार

एकही मासा मेला नाही. पण खात नाहीत. कोबी तरंगतो आहे.

काच पुसायला दंडापर्यंत हात आत घातला. एक मासा येऊन मनगटाला तोंड लावून थांबला. चावला नाही. मी हात काढला आणि एकदम आठवलं, डोंगरीच्या दुकानात मी तागडीच्या पारड्याखाली मेण चिकटवायचो. समोर एक विधवा बाई उभी असायची, तिला तेल कमी जायचं, आणि ती मला दुवा द्यायची. कान तापले. जेवण गेलं नाही.

माझं कधी दुकान नव्हतं. मुंबई सोडली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. दुकान योखेवेदबाईंच्या नवऱ्याचं होतं.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

शब्बाथ लागायच्या आत लिहितो, मग उद्या संध्याकाळपर्यंत लिहायला बंदी.

रूबेनअंकल आले तेव्हा थव्यातला एक मासा सुटून त्यांच्या चेहऱ्यासमोर काचेला येऊन थांबला. ते खुशीत होते. मी बोलायला म्हणून त्यांच्या आईचा विषय काढला. ते म्हणाले, आई? आई सुखाने गेली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. मी म्हणालो, पण ती बोट, अंकल? ते म्हणाले, कसली बोट? आणि हसत हसत पुन्हा आंबट-तिखटाचं विचारलं.

मला मात्र पेणचं ते दार दिसतं. ती उंबऱ्यात उभी आहे, हातात गाठोडं बांधून तयार. मी तिला म्हणतो, पुढच्या बोटीने. बोट वगैरे काही नाही हे मला तेव्हाच माहीत आहे.

मी हे असं का लिहिलं? मी तिथे नव्हतो.

२६ सप्टेंबर, रविवार

इमारतीत सगळे आनंदात आहेत. जिन्यात गाणी ऐकू येतात. मी खाली मान घालून जातो. प्रत्येकाचं काही ना काही मला ठाऊक आहे, आणि लाज त्यांच्याऐवजी मलाच वाटते. वरच्या मजल्यावरची सून समोरून आली आणि मी तिची माफी मागितली. तिच्या दंडावर मी तापलेली पळी — मी नाही, तिच्या सासूने. ती म्हणाली, तुला ताप आहे का?

आता हात पाण्यात घालावा लागत नाही. खोलीत बसलो तरी येतं.

दारफाळणीचा सण, वर्षातला मोठा रोजा, परवा संध्याकाळी. त्या दिवशी दारं बंद होतात आणि ज्याच्या नावावर जे असेल ते त्याच्या नावावर मिटतं, असं आई सांगायची. म्हणजे त्याआधी पाणी काढायला हवं. आणि रोझबाईंना सांगायला हवं की मी खोटं बोललो.

२७ सप्टेंबर, सोमवार

सांगायला गेलो. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, यंदा किती हलकं वाटतंय रे, हनोकशी मी कधी भांडले असेन असंही आठवत नाही. मी न सांगताच त्यांच्याबरोबर भाजी निवडू लागलो. सर्वांत मोठा मासा त्यांच्या पाठीमागे काचेला लागून उभा होता.

तो आता माझ्याकडे वळला आहे —

माझ्या पदरात फवाऱ्याची बाटली आहे. दम्याची. हनोक खुर्चीत आहे, ओठ निळे, हात पुढे करतो आहे. सकाळी उठल्या उठल्या त्याने आधी विचारलं होतं, माशांना घातलंस का? मला काही विचारलं नाही. कधीच विचारत नाही. मी बाटली मुठीत धरून उभी आहे. घाई नाही. सगळे मासे बघत आहेत —

उभी नाही. उभा. मी पुरुष आहे. माझं नाव एझ्रा.

२८ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ

सगळं पाणी काढलं. थेंब न् थेंब, दरीपर्यंत. टाकी पुसली. पिंपातलं ताजं पाणी भरलं, मासे सोडले. एकही मेला नाही. लगेच कोबी खाऊ लागले. नुसते मासे. माझ्याकडे पाहतही नाहीत.

पण काही गेलं नाही. आधीच काढायला हवं होतं. ते आता पाण्यात नव्हतं —

दुपार

झिवा आली, सणासाठी. तिने हिब्रूत विचारलं, अब्बाच्या टाकीची काळजी तू घेतोस ना? मला तिच्याकडे पाहवेना. म्हणालो, मला माफ कर, फवारा माझ्याकडे होता, मी दिला नाही.

ती आधी हसली. मग आईला विचारलं, हा काय म्हणतो? फवारा तर सापडलाच नव्हता. रोझबाई माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी शांत, कपाळावर एकही आठी नाही. म्हणाल्या, मला आठवत नाही बाई. म्हणतोय तर असेल.

मी ओरडलो की मी तेव्हा अश्दोदला होतो. झिवा म्हणाली, मग तुला फवाऱ्याचं कसं माहीत?

उन्हं उतरताना

सगळे पांढऱ्या कपड्यांत दाराशी आले आहेत. रोजा लागण्याआधी हातबोशी करून, म्हणजे हाताला हात लावून बोटं ओठांशी नेऊन, एकमेकांची माफी मागायची असते. रूबेनअंकल माझी बोटं धरून म्हणाले, माफी कशाची मागू, पोरा, काहीच आठवत नाही. मागचेही हसले. किती स्वच्छ चेहरे. कुणाचीच नजर खाली नाही. झिवा पायऱ्या उतरून टेलिफोनकडे गेली आहे.

सूर्य बुडला की लिहायचं नाही. त्याआधी एक गोष्ट शाईने नीट नोंदवून ठेवतो, कुणी विचारलं तर दाखवता येईल. बाकीचं सगळं माझ्या नावावर राहू दे, पाण्याबद्दल खोटं मीच बोललो. पण हे माझं नाही. हनोकभाऊ गेले त्या दिवशी मी अश्दोदमध्ये होतो, आईच्या घरी. सकाळी उठलो. आईने मला हाक मारली. तिने मला हाक मारली, आणि तिचा चेहरा — ती उंबऱ्यात उभी होती, गाठोडं — नाही, ती नव्हे. माझी आई. त्या दिवशी मी उठलो, आणि मी