सप्तमीची थंड भट्टी

।। श्री ।।
बोईसर, ता. ४ ऑगस्ट १९६७

ती. रत्नाताईस,
मारुतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तिळाचं तेल चोळ असं लिहिणार होतो, पण तू उलट मलाच चार औषधं सांगशील. इकडे सर्व खुशाल. आमचा देवू तोंडावरचे देवीचे व्रण येईल त्याला दाखवतो आणि देवीनं पापा घेतला म्हणून सांगतो. गेल्या वर्षी याच दिवसांत आपण त्याच्या उशाशी बसून होतो.

खाणावळ बरी चालली आहे. वीजघराच्या कामावरचे गडी दोन्ही वेळ आपल्याकडेच जेवतात. पण ठेकेदार पावसाच्या दिवसांची हजेरी धरत नाही, म्हणून सगळे धुमसताहेत. तू पंचमीला जरूर ये, सुगंधा नणंदेची वाट पाहते आहे. मात्र शुक्रवारी परत जा. शनिवारी पहाटे वीजघराच्या फाटकावर गडी धरणं धरणार आहेत, कुणाला आत जाऊ देणार नाहीत. गड्यांचे पुढारी खंडेराव यांनी मला आणि चहावाल्या नवशाला, दोघांनाच सांगितलं आहे, कारण खाणं आणि चहा लागेल. तू रस्त्यात अडकू नयेस म्हणून लिहितो. पोटात ठेव.

भाऊजींना सा. नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा मारुती

।। श्री ।।
पालघर, ता. ७ ऑगस्ट १९६७

चि. मारुतीस,
रत्नाचे अनेक आशीर्वाद.

पंचमीला येणं होत नाही. दुकानात धान्याच्या गोण्या उतरायच्या आहेत, आणि मी दोन दिवस नसले तर तुझ्या भाऊजींना साखरेचा डबासुद्धा सापडत नाही. माहेर आठ-नऊ मैलांवर असून पत्रानंच भेटायचं, असं माझं नशीब.

शनिवारचं मी कुणापाशी बोलले नाही. फक्त ह्यांना सांगितलं, कारण त्याच दिवशी बोईसरला गुळाची गाडी जाणार होती. ह्यांनी दोनदा विचारलं, पहाटेच का, आणि कोण म्हणालं. एरवी मी बोलते तेव्हा ह्यांचे डोळे तराजूच्या काट्यावर असतात. या वेळी नीट ऐकून घेतलं, म्हणून मला बरंच वाटलं.

सुगंधाला सांग, शनिवारी शीतला सप्तमी आहे. देवू देवीतून उठला तेव्हा मी नवस बोलले आहे की तुमच्याकडे त्या दिवशी चूल पेटणार नाही. घरची चूल आणि खाणावळीची भट्टी वेगळी असं म्हणून पळवाट काढू नकोस, मी तुला ओळखते. आदल्या दिवशी दशम्या, दहीभात रांधून ठेवा. सकाळी भट्टी सारवून हळदकुंकू वाहा.

देवूला पापा.
तुझी ताई

।। श्री ।।
बोईसर, ता. १४ ऑगस्ट १९६७

ती. ताईस,
मारुतीचा शि. सा. न. वि. वि.

इथे होत्याचं नव्हतं झालं. शनिवारी पहाटे गडी फाटकावर गेले, तर पोलीस आधीच काठ्या टेकून उभे. बाहेरगावचे मजूर ठेकेदारानं शुक्रवारीच आत नेऊन ठेवलेले. ढकलाढकली झाली, काठ्या चालल्या, खंडेरावांचा हात मोडला. बाजारात न्हाव्यापासून सायकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी फळ्या लावून घेतल्या. जमना कोळीण सुक्या बोंबलांची पाटी न उतरवता तशीच माघारी गेली.

गडी माझ्या दारात आले. मला वाटलं, मार खाऊन आलेत, वाढावं. आत भट्टी गार, आणि परातीत दशम्यांची चवड. एक जण म्हणाला की धरणं मोडणार हे याला आधी ठाऊक होतं म्हणून भट्टी पेटवली नाही, पोलिसांना यानंच कळवलं आणि हे रांधलेलं आतल्या मजुरांसाठी आहे. मी सप्तमी म्हणालो तर हसले. एकट्या बाप्यांची वस्ती, तिथी कुणाला कळते? खंडेरावांनी माझ्याकडे पाठ केली, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून ताटं पालथी आहेत. भाकरी गाईला घालतो. असंच चाललं तर खाणावळ मोडून गावाकडे जावं लागेल. मी काही बोललो नाही, म्हणजे नवशाच बोलला असणार. जमनेला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "नवशा तसा नाय, शेट. आमी त्याला ल्हानपनापासून बगतो." आता मला जमनेचाही भरवसा वाटत नाही. कुणी रस्त्यात हसलं तरी मलाच हसलं असं वाटतं.

ताई, रागावू नकोस, पण विचारतो. तुझ्याकडून कुठे काही गेलं नाही ना?

भाऊजींना सा. नमस्कार. देवू तुझी आठवण काढतो.
तुझा मारुती

।। श्री ।।
पालघर, ता. १७ ऑगस्ट १९६७

चि. मारुतीस,
रत्नाचे आशीर्वाद.

माझ्यावर संशय घेतलास! जिनं तुला कडेवर खेळवलं तिच्यावर! आधी घरात बघ. सुगंधा पाण्याला जाते तिथे घटकाभर तोंड बंद नसतं, मी पाहिलं आहे. नाहीतर तो नवशा. चहावाल्याच्या बाकावर पोलीसही बसतात.

इतकं काल लिहून पत्र ठेवून दिलं होतं. आज पुढचं लिहिते.

ह्यांनी काल पेढे आणले. ठेकेदाराच्या नव्या मजुरांचा शिधा आता आपल्या दुकानातून जाणार आहे. इतके दिवस तो तुम्हाला दारात उभं करत नव्हता, मग आताच कसं, असं मी विचारलं. हे म्हणाले की वेळेला उपयोगी पडलेलं माणूस मोठे लोक विसरत नाहीत. तोंडातला पेढा मी मागच्या दारी जाऊन थुंकला.

मारुती, मी काही म्हणत नाही. तूही म्हणू नकोस. मला याच घरात राहायचं आहे. सुगंधाबद्दल वर लिहिलं ते खोडावं म्हटलं, पण तुला खरी मी कळू दे म्हणून ठेवलं.

देवूला जप.
तुझी ताई

।। श्री ।।
बोईसर, ता. २४ ऑगस्ट १९६७

ती. ताईस,
मारुतीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि भट्टीत घातलं.

खंडेरावांच्या मंडळी साखरबाई पंचमीला माहेरी गेल्या होत्या, त्या सालवडला आपल्या बिऱ्हाडी परतल्या. गड्यांचं बोलणं ऐकून त्या तडक खाणावळीत आल्या, देवूची हनुवटी धरून त्याचं तोंड सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाल्या की देवी आलेल्या लेकराच्या घरात सप्तमीला चूल पेटवतील काय? खंडेरावांनी झोळीतल्या हातासकट मला नमस्कार केला. दुपारी पंगत भरली. सुगंधा वाढता वाढता रडत होती.

मी सुटलो, तेव्हा दोघांतला नवशाच उरला. संध्याकाळी पोरांनी त्याची टपरी उपटून ओढ्यात टाकली. तो कडेला उभा राहून पाहत होता, त्यानं माझ्याकडेही पाहिलं. मी आत आलो. त्याच्यावर पहिला संशय मीच घेतला होता, ताई.

दुसऱ्या दिवशी खंडेराव जेवायला बसले. भाकरी वाढता वाढता मी सांगून टाकलं, "नवशानं नाही, माझ्याकडून गेलं. मी नात्यात लिहिलं होतं." कुणाला, असं त्यांनी विचारलं. ते मी सांगितलं नाही. त्यांनी अर्धी भाकरी ताटात ठेवली, हात धुतला आणि ते उठले.

नवशाची टपरी गड्यांनीच पुन्हा उभी करून दिली. मी दोन वासे नेले, ते त्यानं घेतले नाहीत. आपल्याकडे आता कुणी येत नाही. आज सुगंधानं भट्टी पेटवलीच नाही, तेव्हा आज पण सप्तमी का, असं देवूनं विचारलं. पोळ्यापर्यंत वाट पाहू, मग गावाकडचं बघू.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण आहे. तुझ्याहून जास्त माझा माझ्यावर आहे. तरी जिथे असू तिथे भाऊबीजेला ये. एकटी ये. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

भाऊजींना नमस्कार लिहिलेला नाही. विसरलो नाही.
तुझा मारुती