दुसरी खारूताई

दि. २

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईच्या शस्त्रक्रियेची तारीख अठरा ठरली. मला येणं जमेलसं दिसत नाही. आमच्या रुग्णवाहिका केंद्राची नवी संगणक यंत्रणा सोमवारीच सुरू झाली. तशी काळजी नाही: दोन यंत्रं दोन वेगळ्या खोल्यांत, दोन वीजजोड, फोनच्या दोन लाइनी. एक यंत्र बंद पडलं, तर दीड मिनिटात दुसऱ्यावर काम सुरू करता येतं. फक्त त्यासाठी मी तिथे लागते.

आई म्हणाली, नाही आलीस तरी चालेल, मला भूलच देणार आहेत. तिचा स्वर तुम्हाला ठाऊक आहे.

लोभ आहेच; रागावून तो कमी करू नये.

आपली,
खारूताई

दि. ५

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. तुझ्या यादीत सर्व वस्तू जोडीने आहेत. खारूताई मात्र एकच. लहानपणी खडूचे तुकडे दोन ठिकाणी लपवणाऱ्या मुलीकडून ही चूक अपेक्षित नव्हती.

आमच्या कचेरीचा जुना नियम सांगतो. प्रत्येकाने वर्षातून सलग आठ दिवस सक्तीची रजा घ्यायची आणि त्याचे काम दुसऱ्याने केवळ लेखी टिपणावरून करायचे. फोन करून विचारण्यास बंदी. पहिल्या वर्षी माझ्यावाचून कचेरी चालली, तेव्हा मी चक्क रुसलो होतो.

माझ्या गुडघ्याचे प्लास्टर महिनाअखेरीपर्यंत आहे; म्हणजे तुझ्या आईजवळ बसायला दुसरे यंत्र उपलब्ध नाही. तेव्हा टिपण लिही, दुसऱ्याच्या हाती दे, भर दुपारी मुख्य यंत्र स्वतः बंद कर आणि हाताची घडी घालून बस. तोंडाचीही.

तुझा,
मामा

दि. ११

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

टिपण मास्तरांना दिलं. शाळा सोडून आमच्याकडे फोन घेणारे हे गृहस्थ वाक्य नीट वाचल्याशिवाय बोट हलवत नाहीत. काल शेजारच्या केंद्राला आमचे फोन घ्यायला सांगून मी यंत्र बंद केलं. मास्तर तिसऱ्या ओळीवर थांबले. तिथे मी लिहिलं होतं, ‘मग नेहमीप्रमाणे दुसरं यंत्र जोडावं.’ त्यांनी चष्मा पुसत विचारलं, नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाच्या नेहमीप्रमाणे. मी तोंडाची घडी मोडली नाही. चौदा मिनिटं गेली. खऱ्या दिवशी तेवढा वेळ गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

त्या एका शब्दाच्या जागी आता सात ओळी आहेत. आज पुन्हा करून पाहिलं: दोन मिनिटं. तरी तिकीट काढायला मन धजत नाही.

आपली,
खारूताई

दि. १३

चि. खारूताईस आशीर्वाद.

त्यांची दोन मिनिटे तुझ्या दीड मिनिटापेक्षा चांगली, कारण ती तुझ्यावर अवलंबून नाहीत. तिकीट काढ.

मामा

दि. १९

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप आहे. शुद्धीवर येताच तिने विचारलं, रजा टाकलीस की नोकरी.

काल सकाळी अकराला, ती आत असताना, मुख्य यंत्र खरोखरच बंद पडलं. तुमच्या नियमाप्रमाणे मोबाईल बंद होता. मला संध्याकाळी कळलं. मास्तरांचा निरोप होता की पावणेदोन मिनिटांत दुसऱ्या यंत्रावर काम सुरू झालं, एकही गाडी खोळंबली नाही, आणि टिपणातली सहावी ओळ अनावश्यक आहे.

मीही रुसले, मामा. पाचेक मिनिटं. मग आईचे पाय चेपत बसले. आणखी चार दिवस इथेच आहे.

तुमचा लोभ मात्र सांभाळून ठेवा; त्याची दुसरी प्रत कुठेच नाही.

आपली,
खारूताई