आडवा पडेपर्यंत

४ मार्च
रॉइस वीस तारखेला सुटतोय. तुरुंगातून फोन आला — मार खाल्लेल्याला आधी कळवायचं, असा नियम आहे म्हणे. आमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, पण जबडा अजून थंडीत ठणकतो.

५ मार्च
तल्सा शहरात जाऊन पिस्तूल घेतलं. पंचेचाळीस कॅलिबरचं, मोठ्या गोळीचं, चांगलं जडशीळ! दुकानदार म्हणाला, "बाई, ह्याची एकच गोळी, की बैल आडवा!" बैलाचं काय करू? रॉइस आडवा झाला म्हणजे पुरे.

८ मार्च
म्हाताऱ्या हॅस्केलचा नेमबाजीचा वर्ग. निवृत्त पोलीस, गालात कायम तंबाखू. माझ्या सगळ्या गोळ्या मातीत! पिस्तूल बघून खो खो हसला — "हे कुणी गळ्यात मारलं तुझ्या? पोरी, चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा लागलेली छोटी बरी." मग मला न सांगता मध्येच एक खोटी गोळी भरली. चाप ओढला — बार नाही, तरी नळी खाली झुकली! "बघ, आवाजाच्या आधीच दचकतेस." मेल्याने सगळ्यांसमोर दाखवलं.

९ मार्च
बदलून छोट्या गोळीचं, नाइन एमएमचं आणलं. झटका कमी बसतो.

१२ मार्च
चर्चच्या दारात व्हर्ना — रॉइसची आई. कोर्टात शपथेवर म्हणाली होती, "माझा मुलगा हात उगारणार नाही, ही जिन्यावरून पडली." आज चारचौघांत ओरडली, "माझ्या पोराला मारायला शिकतेय ही सटवी!" तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यात खोटं काय? शिकतेच आहे.

१५ मार्च
हॅस्केल म्हणाला, "गोळी लागली की माणूस उडून पडतो, हे सिनेमात. खऱ्या माणसाला कधीकधी कळतही नाही. येतच राहतो. छातीच्या मधोमध मारायची, आणि तो थांबेपर्यंत आपण थांबायचं नाही."
रॉइसच्या ह्याच छातीवर डोकं ठेवून झोपायचे मी!

२० मार्च
सुटला. दाराला खुर्ची लावून बसलेय.

२४ मार्च
आला नाही. आईकडे राहतोय, असं शेजारीण म्हणाली.

२९ मार्च
वर्गात आज व्हर्ना! डोळा काळानिळा, डावा हात प्लास्टरमध्ये. माझ्याकडे बघितलं नाही. हॅस्केलला एवढंच विचारलं, "कुठे मारली तर तो थांबेल, पण मरणार नाही?"
हॅस्केलने गालातली तंबाखू थुंकली. मग म्हणाला, "अशी जागा नसते, व्हर्ना."
एका हाताने तिला गोळ्या भरता येईनात. मी भरून दिल्या.