‘चिल’ म्हणणाऱ्या चिरंजीवांस

मी, काच कापून आणि आरसे बसवून पोट भरलेला माणूस, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून स्वतः लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दम देऊन किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. अक्षर वेडेवाकडे दिसेल, कारण उजव्या हाताची दोन बोटे आखडली आहेत आणि मी डाव्या हाताने लिहीत आहे. त्याचा खुलासा कलम दोनमध्ये येईल.

कलम एक : घर. राहते घर मी मुलगा आणि सून या दोघांच्या नावे सामाईक करत आहे. एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते विकता अथवा गहाण टाकता येणार नाही. सूनबाईंचे नाव मुद्दाम घातले आहे. गेल्या वर्षी त्या नातीला घेऊन माहेरी निघून गेल्या. मी मुलाला विचारले, "अरे, झालं तरी काय?" तो म्हणाला, "काही नाही हो बाबा, थोडा सीन झालाय." सूनबाई परत आल्यावर त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "मी यांना सांगितलं, मला या घरात फार एकटं वाटतं. तर म्हणाले, लोड नको घेऊ." यावर बायकोने पुढे काय बोलावे? पुन्हा तशी वेळ आलीच, तर निदान घराच्या निमित्ताने दोघांना समोरासमोर बसावे लागेल.

कलम दोन : दुकान. हे कलम लिहिताना मी पाच-सहा कागद फाडले. मोठी काच दोघांनी उचलायची असते. पुढचा विचारतो, "धरलं?" मागचा "धरलं" म्हणाला की मगच पुढच्याने हात बदलायचा. पाठमोरे असल्यामुळे मागचा दिसत नाही, नुसत्या कानांवर काम चालते. एका दुपारी दुकानातला जुना मिस्त्री रजेवर होता, म्हणून मागे आमचे चिरंजीव होते. मी विचारले, "धरलं?" तो म्हणाला, "चिल, बाबा." मी हात बदलला. त्याने धरले नव्हते. काच निसटून माझ्या बोटांवर आली. ‘थांबा, आता धरतोच’ असे त्याला म्हणायचे होते, हे मला टाके घातल्यानंतर कळले.

दवाखान्यात नेताना माझा हात त्याने छातीशी घट्ट धरला होता. त्याचा सदरा रक्ताने भिजला होता आणि तो सारखा म्हणत होता, "चिल, चिल, काही नाही होत." आवाज कापत होता त्याचा. मला मात्र तोच शब्द पुन्हा ऐकून चीड आली आणि मी तोंड फिरवले. याचे मला आज फार वाईट वाटते.

पुढे त्याला पुष्कळदा विचारले. "दुकान चालवायचंय का तुला?" "बघू ना." "हे काम आवडतं का?" "भारीय." "मग मिस्त्रीला भागीदार करून घेऊ?" "तेही भारीय." आता वकिलाला यातून काय लिहून द्यायचे, सांगा. म्हणून माझ्या बुद्धीला सुचेल तसे ठरवतो. दुकान आणि सर्व हत्यारे अर्धी मुलाला, अर्धी मिस्त्रीला. उचलायच्या कामात शब्द मिस्त्रीचा चालेल. मागच्याने नीट उत्तर दिले नाही, तर मिस्त्रीने काच खाली ठेवावी आणि त्या दिवसापुरते दुकान बंद करावे. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, कोणाचा हात जाता कामा नये.

कलम तीन : लांब शिडी. ही शेजारच्या रंगवाल्यास देत आहे. तशी ती त्याच्याकडेच आहे. परत मागितली की तो "टेन्शन नॉट, काका" म्हणतो. म्हणजे आणून देणार की नाही, हे मला आजवर उमगलेले नाही. आता शिडीही त्याची आणि टेन्शनही त्याचे.

कलम चार : बँकेतली ठेव. ही नातीच्या शिक्षणासाठी, सूनबाईंच्या देखरेखीखाली. परवा नात शेजारी बसून माझी बोटे सरळ करू पाहत होती. म्हणाली, "आजोबा, यांचा काय सीन झाला?" आधी हसू आले, मग धस्स झाले. मी तिला घडले ते सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा तेव्हा खूप घाबरले असतील ना?" मी त्याला हे कधी विचारलेच नव्हते. त्या संध्याकाळी विचारले. तो म्हणाला, "सोडा ना बाबा, जुना मॅटर आहे," आणि गाडी काढून निघून गेला.

कलम पाच : मी गेल्यावर. त्याची आई गेली त्या दिवशी तो दवाखान्याच्या जिन्यात मित्राशी फोनवर बोलत होता. वरच्या पायरीवर मी उभा होतो, त्याला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, "आज नाही जमणार यार. आई ऑफ झाली." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. आता वाटते, खरा शब्द तोंडून निघाला असता तर तो त्या जिन्यातच कोसळला असता. पण मग तो रडलाच नाही. आजतागायत नाही.

म्हणून ही माझी सर्वांत पक्की सूचना. माझ्या मृत्यूची खबर माझ्या थोरल्या बहिणीला माझ्या मुलानेच, तिच्या घरी जाऊन द्यावी. तिचे घर चार गल्ल्या सोडून आहे. तिला कमी ऐकू येते आणि त्याचे असले शब्द तिला कळत नाहीत. ‘ऑफ’ म्हटले तर ती "काय बंद पडलं?" असे विचारील. त्याला तिच्या कानाशी बसून मोठ्याने सांगावे लागेल, "आत्या, बाबा वारले." ऐकू गेले नाही तर पुन्हा सांगावे. सूनबाईंनी सोबत जावे, पण त्याच्या वतीने बोलू नये. त्याला रडू फुटले तर कोणी आवरू नये. त्यात आईचेही येईल, वेळ लागेल. तो परत येईपर्यंत मला उचलू नये.

सही (डाव्या हाताची)

आम्हा दोघांदेखत वाचून, समजून सही केली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही :
१. घरचे डॉक्टर (सही)
२. समोरचा शिंपी (सही)

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च, दुपार